वासराचे जन्मवजन आणि मराठवाड्यातील गोपैदास : मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

आज खेड्यात मूल जन्मले की त्याचे वजन नोंदवले जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जोखमीचे, ही गोष्ट अंगणवाडी सेविकेला आणि बाळाच्या आजीलाही ठाऊक असते. त्याच घरामागच्या गोठ्यात गाय व्याली तर मात्र प्रश्न वेगळे असतात. कालवड झाली की गोऱ्हा? वार पडली का? गाय पान्हवते का? वासराचे वजन किती भरले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शेतकरी विचारत नाही, याचे नवल नाही. परंतु गोपैदासीची धोरणे आखणारी आणि राबवणारी व्यवस्थाही तो प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

जळकोट, उदगीर, देवणी, अहमदपूर, कंधार, मुखेड हा पट्टा देवणी आणि लाल कंधारी या दोन मान्यताप्राप्त गोवंशांचे माहेर आहे. या पट्ट्यातील गोपैदासीचा विचार करताना आपण वळू कसा निवडतो, वासराला कशावरून चांगले म्हणतो आणि कशाची नोंद ठेवतो, या निकषांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : जन्मवजन हा वासराचा गुण नसून गाय आणि वासरू यांच्यातील प्रमाण आहे. हे प्रमाण मोजल्याशिवाय कोणता वळू कोणत्या गायीला योग्य, हे ठरवता येत नाही. आणि याबाबतचा सर्वांत शिस्तबद्ध विचार ज्या शास्त्राने केला, त्या मांसोत्पादक गोवंशाच्या शास्त्राकडे आपण 'ते आपल्या कामाचे नाही' म्हणून पाठ फिरवली आहे.

प्रदेश आणि त्याचा गोवंश

देवणी हा दूध आणि शेतीकाम अशा दुहेरी उपयोगाचा गोवंश आहे. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या दीर्घकालीन मिश्रणातून तो घडला, असे मानले जाते. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे त्याचे तीन प्रकार सांगितले जातात. ही विभागणी प्रामुख्याने अंगावरील काळ्या ठिपक्यांवर आणि तोंडाच्या रंगावर आधारलेली आहे. लाल कंधारी हा गडद तांबड्या रंगाचा, मध्यम बांध्याचा आणि मुख्यतः ओढकामाचा गोवंश. कोरडवाहू शेती, उन्हाळ्यातील चाराटंचाई आणि बालाघाटची चढउताराची जमीन यांनी या दोन्ही गोवंशांना आकार दिला आहे.

या गोवंशांची अभ्यासपूर्ण दखल घेणारे संस्थाजाल या भागाजवळच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून कार्यरत आहे. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा घटक आहे. परभणी येथील संकरित गोपैदास प्रकल्पात होल्स्टिन आणि देवणी यांच्या संकरातून 'होलदेव' हा संकरगट तयार करण्यात आला व त्यावर संशोधन झाले. अशा प्रक्षेत्रांवर वासरांची जन्मवजने नियमितपणे घेतली जातात. साधारणपणे देवणी वासराचे जन्मवजन वीस ते पंचवीस किलोंच्या घरात असते, तर होल्स्टिनचे शुद्ध वासरू चाळीस किलोंच्या आसपास जन्मते. म्हणजे ज्ञान उपलब्ध नाही असे नव्हे. प्रक्षेत्राच्या कुंपणाबाहेर, गावच्या गोठ्यात आणि रेतनाच्या निर्णयात ते उतरत नाही, हा प्रश्न आहे.

जन्मवजन : गुण की प्रमाण?

आपल्याकडे 'भरदार वासरू' हा शब्दप्रयोग निखळ कौतुकाचा आहे. जड वासरू म्हणजे चांगले बी, हे समीकरण गोठ्यात रूढ आहे आणि संकरित रेतनाच्या प्रचारानेही ते नकळत पक्के केले. हे समीकरण अर्धसत्य आहे. जन्मवजन आणि पुढील वाढ यांचा आनुवंशिक संबंध धन स्वरूपाचा आहे, हे खरे. जड जन्मणारी वासरे सरासरीने पुढेही जड होतात. परंतु जन्मवजन एका मर्यादेपलीकडे गेले की अडलेल्या वेताचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर वासराचा मृत्यू, गायीच्या जननमार्गाची इजा, वार अडकणे, गर्भाशयाचा संसर्ग आणि पुढचा माज लांबणे ही साखळी सुरू होते. उलट जन्मवजन फारच कमी असेल तर वासरू उशिरा उठते, चीक ओढू शकत नाही आणि पहिल्या महिन्यातच दगावण्याची शक्यता वाढते. म्हणजेच येथे 'जितके जास्त तितके चांगले' हा नियम लागू पडत नाही, मध्यभागी एक हितकर पट्टा असतो.

हा पट्टा किलोमध्ये सर्वांसाठी एकच नसतो. उदाहरणादाखल, ६०० किलोच्या गायीला ४० किलोचे वासरू झाले तर ते तिच्या वजनाच्या पावणेसात टक्क्यांच्या आत असते. ३५० किलोच्या गायीला २३ किलोचे वासरू हे प्रमाणही जवळपास तेवढेच. परंतु २५० किलोच्या गावठी गायीला २८ किलोचे वासरू झाले तर प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर जाते. यातील सर्वांत हलके वासरू २३ किलोचे आहे आणि सर्वांत जड ४० किलोचे. संकट मात्र मधल्या २८ किलोच्या वासराबाबत आहे. केवळ वासराचे वजन सांगणे म्हणजे दाराची रुंदी न पाहता पेटीचे माप सांगण्यासारखे आहे.

यात गायीची भूमिका निष्क्रिय नसते. केंब्रिज येथे वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात मूलभूत मानला जातो. त्यांनी अवाढव्य शायर आणि बुटके शेटलंड या घोड्यांच्या जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. आनुवंशिक वाटा दोन्हीकडून समान असूनही शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेल्या शिंगरापेक्षा कितीतरी मोठे होते. मातेचे गर्भाशय गर्भाच्या वाढीला आवर घालते, हे त्यातून स्पष्ट झाले. गोवंशात तर याला आणखी एक पैलू आहे. वशिंड असलेल्या गायीला युरोपीय वळूचे रेतन केले तर वासरू तुलनेने आवरलेल्या वजनाचे होते. उलट युरोपीय गायीला वशिंडाच्या वळूचे रेतन केल्यास वासरू अपेक्षेपेक्षा जड जन्मते. म्हणजे आपली देशी गाय स्वतःचे रक्षण काही अंशी स्वतः करते. 'विदेशी रेतन केले की गाय मेलीच' ही भीती म्हणूनच अतिरंजित आहे. परंतु या आवरालाही मर्यादा आहे. पूर्ण वाढ न झालेली पहिलारू कालवड आणि खुरटलेली गावठी गाय यांच्या बाबतीत तो आवर पुरा पडेलच, याची शाश्वती नाही.

मांसोत्पादक गोवंशाच्या शास्त्राकडून काय घ्यावे?

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे मांसासाठी गोपैदास हा विषय आपल्या अभ्यासक्रमात आणि चर्चेत परका राहिला, हे समजण्यासारखे आहे. परंतु एखाद्या शास्त्राचे प्रयोजन नाकारणे आणि त्याची पद्धत नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुधाळ गोवंशात वासरू हे दूध सुरू होण्याचे निमित्त ठरते. मांसोत्पादक गोवंशात मात्र वासरू हेच उत्पन्न असते, आणि विस्तीर्ण कुरणावर व्याणाऱ्या गायीजवळ दरवेळी माणूस हजर नसतो. म्हणून तेथे 'वासरू विनासायास जन्मले का' हा पैदासीचा पहिला प्रश्न बनला. अमेरिकेत नेब्रास्कातील क्ले सेंटर येथील संशोधन केंद्रात १९६९ पासून अनेक जातींच्या वळूंची संतती एकाच चौकटीत तुलनेसाठी घेतली गेली. जन्मवजन, विण्यातील अडचण आणि दूध तोडतानाचे वजन यांचा परस्परसंबंध त्यातून तपासला गेला. तेथील वळूच्या विक्रीपुस्तिकेत जन्मवजन, दूध तोडतानाचे वजन आणि वर्षाचे वजन यांबाबतचे अपेक्षित संतती-फरक छापलेले असतात. जन्मवजनाची आनुवंशिकता मध्यम ते चांगली, साधारण ०.४ च्या आसपास असल्याने निवडीला ते प्रतिसादही देते. कालवडींसाठी हलक्या जन्मवजनाचे वळू आणि मोठ्या गायींसाठी वाढीचे वळू, असा विवेक तेथे नित्याचा झाला आहे.

त्याचबरोबर त्या अनुभवातील चुकाही शिकण्यासारख्या आहेत. जन्मवजन कमी करण्याच्या एकांगी हव्यासाने पुढील वाढही खुंटते, हे लक्षात आल्यावर केवळ जन्मवजनाऐवजी 'सुलभ वीण' हा निकष पुढे आला. गाभण कालवडीला उपाशी ठेवून वासरू हलके करण्याचा जुना उपायही तपासला गेला आणि तो घातक ठरला. त्याने वासरू थोडे हलके होते, पण अडलेले वेत टळत नाही. उलट गाय अशक्त होते, चीक निकृष्ट होतो आणि माज लांबतो. 'शेवटच्या महिन्यात फार खाऊ घालू नका, वासरू वाढेल' हा सल्ला आपल्याकडेही ऐकू येतो. त्याचे खंडन करण्यासाठी याहून स्पष्ट आधार नको.

येथे एक ऐतिहासिक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. अमेरिकेतील ब्राह्मण हा मांसोत्पादक गोवंश १८८५ ते १९२६ या काळात गुजरात, गीर, नेल्लोर आणि कृष्णा खोऱ्यातील भारतीय जनावरांपासून घडवला गेला. म्हणजे आपल्याच गोवंशाची जन्मवजने परदेशात पिढ्यान्‌पिढ्या तोलली गेली. त्यांच्या मूळ भूमीत मात्र तराजू प्रक्षेत्रापुरताच राहिला.

संकरीकरणाच्या धोरणाची चिकित्सा

१९६४-६५ मध्ये सुरू झालेला सघन पशुविकास कार्यक्रम आणि १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेली 'बाएफ' संस्था यांनी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुधाच्या उत्पन्नाने अनेक अल्पभूधारक कुटुंबे तगली. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाकडे पैदासीच्या कामाची सूत्रे आली. मान्यताप्राप्त गोवंशाची त्याच्या मूळ क्षेत्रात शुद्ध पैदास करावी आणि अवर्णित गावठी गायींचा संकर करावा, हे धोरणाचे तत्त्वही योग्यच आहे.

तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर मात्र निकषांत आहे. आपल्याकडे वळूची ओळख मुख्यतः त्याच्या मातेच्या वेतभरातील दुधावरून करून दिली जाते. परदेशात दुधाळ होल्स्टिन वळूंबाबतही पहिलारू कालवडींमध्ये किती टक्के वेते अडण्याची शक्यता आहे, याचा अंदाज प्रसिद्ध होतो. परंतु तो अंदाज होल्स्टिन गायींवर आधारलेला असतो. जळकोटच्या तीनशे किलोंच्या गायीबाबत तो जसाच्या तसा वापरता येत नाही. त्यासाठी येथील वेतांचीच नोंद हवी. आज जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे आणि रेतनाची नोंद संगणकावर होते. परंतु नोंदीचा रकाना असणे आणि गोठ्यात काटा असणे यांत फरक आहे. अंदाजाने भरलेला रकाना कोऱ्या रकान्यापेक्षा अधिक दिशाभूल करतो.

याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. गाय रात्री अडली की पशुवैद्यक येईपर्यंत गोठ्यात बसून राहते ती बहुधा घरची बाई. वासरू गेले आणि गायीचे दूध आटले तर दूधसंस्थेचा तिचा हिशेब बंद होतो. यशाची गणना झालेल्या रेतनांवर आणि ठरलेल्या गर्भधारणांवर थांबते, तेव्हा हे नुकसान कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

हलके वासरू आणि ऋतूचे गणित

मराठवाड्याच्या संदर्भात जड वासराइतकाच, किंबहुना अधिक, गंभीर प्रश्न हलक्या वासराचा आहे. गर्भाच्या वजनाचा मोठा हिस्सा, सुमारे दोनतृतीयांश, गाभणकाळाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. देशी गायीचा गाभणकाळ सुमारे २८५ दिवसांचा धरला, तर ऑगस्टच्या मध्यास भरलेली गाय मेच्या अखेरीस विते. म्हणजे तिचे शेवटचे तीन महिने मार्च, एप्रिल आणि मे हे येतात. याच काळात विहिरी आटतात, हिरवा चारा संपतो आणि कडब्याची गंज तळाला लागते. पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्यावर गाय माजावर येते आणि त्याच माजात भरवली जाते, हे नैसर्गिक आहे. परंतु त्याची किंमत पुढच्या उन्हाळ्यात गर्भाला मोजावी लागते. याउलट डिसेंबरच्या मध्यास भरलेली गाय सप्टेंबरच्या अखेरीस विते आणि तिचे शेवटचे महिने हिरव्या चाऱ्यात जातात.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. माणसांच्या पाण्याची ही अवस्था असताना गाभण गायींच्या पोटी काय वाढत होते, याचा हिशेब मात्र कोणी मांडल्याचे दिसत नाही. जन्मवजनाच्या सलग नोंदी असत्या तर दुष्काळाचा वासरांवरील परिणाम अंदाजाने न सांगता आकड्यांत सांगता आला असता.

जन्मवजनाचा एक तातडीचा व्यावहारिक उपयोगही आहे. वासराला त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतका चीक, त्यातील पहिला वाटा जन्मानंतर एक-दोन तासांतच, मिळाला पाहिजे. वजनच ठाऊक नसेल तर दोन लिटर पुरे की अडीच, हे कशावरून ठरवणार? वार पडल्याशिवाय चीक पाजू नये, हा गैरसमज अजूनही पूर्णपणे गेलेला नाही. त्या प्रतीक्षेत हलके वासरू आधी हरते.

प्रदर्शनाचे सौंदर्यशास्त्र

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जनावर पारखणारी नजर ही या भागाची संपत्ती आहे. रुंद कपाळ, भरलेली छाती, घट्ट सांधे, काळे खूर, लोंबती पोळी, चाल, डोळ्यांतील तेज या निकषांमागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि त्यांनीच देवणी व लाल कंधारी टिकवले. त्यांची हेटाळणी करणारे शास्त्र उथळ म्हटले पाहिजे.

तथापि, ही नजर समोर उभ्या असलेल्या जनावराला पाहते, त्याच्या न दिसणाऱ्या संततीला पाहत नाही. फेटा बांधून, गुलाल लावून मिरवलेल्या वळूच्या किती वासरांची वीण सुलभ झाली, त्याच्या कालवडी किती वयात व्याल्या, हे बक्षीस देताना विचारात येत नाही. रुंद खांद्याचा, जाड हाडाचा वळू पारितोषिक मिळवतो आणि तोच पहिलारू कालवडींवर सर्रास सोडला जातो. सौंदर्याच्या निकषाला संततीच्या कसोटीची जोड मिळाली, तरच परंपरा आणि शास्त्र यांचा संवाद होईल.

नर वासराचा प्रश्न

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर आल्यावर शेतातली जनावरे बेघर होतात. कादंबरीने जे एका मळ्यापुरते दाखवले, त्याचा देशव्यापी आकडा २०१९ च्या पशुगणनेत दिसतो. २०१२ च्या तुलनेत देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला, विदेशी व संकरित गोवंश सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढला आणि गायींची संख्या १४.५१ कोटींवर गेली असताना नर जनावरे मात्र झपाट्याने कमी झाली. ओढकाम संपले, विक्रीची वाट २०१५ नंतर अरुंद झाली आणि गोऱ्हा हा ओझे ठरू लागला. लिंगनिर्धारित वीर्यमात्रांचा प्रसार याच पार्श्वभूमीवर होत आहे. नर वासरू सामान्यतः मादीपेक्षा काहीसे जड असल्याने कालवडींच्या विण्याच्या दृष्टीने त्या उपयुक्तही ठरतात. मात्र त्यांची गर्भधारणेची टक्केवारी नेहमीच्या मात्रांपेक्षा कमी असते. शिवाय लाल कंधारीसारख्या ओढकामासाठीच घडलेल्या गोवंशात नराला वगळून आपण नेमके काय जतन करणार, हा प्रश्न उरतोच.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, कालवडीला वयावरून नव्हे तर वजनावरून भरवावे. प्रौढ गायीच्या वजनाच्या साठ ते पासष्ट टक्के वजन झाल्याशिवाय रेतन करू नये. दोन, पहिलारू व लहान चणीच्या गायींसाठी वापरायच्या वळूंची निवड त्यांच्या संततीच्या जन्मवजनावरून आणि विण्याच्या सुलभतेवरून व्हावी. तीन, प्रत्येक दूधसंस्थेत एक पन्नास किलोंचा लटकता काटा आणि एक वही असावी. वासराचे वजन, गायीच्या छातीचा घेर, वळूचा क्रमांक आणि वीण सुलभ की अडलेली, हे चार रकाने पुरेत. देवणी-कंधारीच्या पट्ट्यातील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी पाच वर्षे ही वही प्रामाणिकपणे भरली, तर येथील गायींसाठी येथलाच निकष तयार होऊ शकेल.

आपण गायीला माता म्हणतो. मातेच्या बाळंतपणाची नोंद न ठेवणारा आदर अपुरा आहे, असे नम्रपणे म्हणावे लागते. गोवंश टिकवायचा की सुधारायचा, या वादात दोन्ही पक्ष वासराच्या नावाने बोलत आले आहेत. ते वासरू एकदा काट्यावर घेतले, तर वादाला निदान आधार तरी मिळेल.